कारखान्यातून निघाली तशी

टोलीडोत फेब्रुवारी. शटरखालून बर्फ आत डोकावतो,
रॉकेलचा हीटर खोकतो, आणि लॉनी व्राबेल
डोळ्यांत तेल घालून, म्हणजे खरंच, पापणीलाही ग्रीस,
बोल्टाच्या डोक्यावरच्या रेघा मोजतो.
"बोल्ट बरोबर," म्हणतो. "जागा चुकली."
मी काढतो. पुन्हा लावतो.

एकोणीसशे सत्तरची गाडी. दोनच दारं,
बॉनेटखाली दावं तोडायला निघालेलं इंजिन,
रंग पिकल्या जर्दाळूचा.
मीटरवर सात हजार दोनशे अठरा मैल.
चौपन्न वर्षांत एवढेच.

मला वाटलं होतं, आपलं काम चकचकीत करायचं.
पहिल्याच आठवड्यात लॉनीनं हातातलं पॉलिश काढून घेतलं.
"आरसा नकोय मला. कारखाना हवाय.
मंगळवारची दुपारपाळी, मिनिटाला एक गाडी,
जेवणाची घंटा व्हायला आलेली,
तशी हवीय."

म्हणून दाराच्या चौकटीत, बिजागरीखाली,
रंगाचा जो एक ओघळ गोठलेला होता
तो आम्ही फोटोवरून मोजून पुन्हा ओघळवला.
चार वेळा नीट झाला, म्हणजे चुकला.
पाचव्यांदा साधला एकदाचा बेरंग.

फायरवॉलवर पिवळ्या खडूनं कुणीतरी
एकाहत्तर लिहिलं होतं, सातचा दांडा भलतीकडे कललेला.
"डावखुरा," लॉनी म्हणाला, आणि खडू माझ्या डाव्या हातात दिला.
दोन दिवस मी पत्र्याच्या तुकड्यांवर सात गिरवत बसलो,
बालवाडीतल्या पोरासारखा,
एका माणसाच्या मनगटाचा कंटाळा शिकत,
ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.
मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडलेल्या,
उंदरांनी कुरतडलेल्या त्या यादीवरही नाही.

मग ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा उचलला.
ॲक्सिलरेटरपाशी खड्डा. लव झिजून
खालचा ताग उघडा पडलेला,
टाचेच्या मापाचा.

सात हजार मैलांत गालिचा इतका झिजत नाही.
लॉनीनं मीटर खोललं. दातेरी चक्रं कोरी,
कुणी नखही लावलेलं नाही.

व्हर्ना स्टुकी, वय एक्याऐंशी, हिशोबाचा चेक द्यायला आल्या
तेव्हा मी विचारून टाकलं.
"एमिलनं दोन उन्हाळे चालवली," त्या म्हणाल्या.
"मग काचबिंदू. मला क्लच कधी जमला नाही.
दर रविवारी चर्चहून आलो की
गॅरेजचं दार सताड उघडून आम्ही दोघं आत बसायचो.
मी चालू करायची. तो सांगायचा,
चढ आलाय, थोडं दाब. आता सोड, पूल आहे.
अख्ख्या ईरी तळ्याला वळसा घातलाय आम्ही, पोरा.
एकदा तर मिनेसोटापर्यंत.
येताना त्याला झोप लागली."

लॉनी त्या वेळी कुठलीशी नळी साफ करत होता.
स्वच्छच होती ती.

नियम पुस्तकात आहे, लॉनीच्या मनाचा नाही:
कारखान्याच्या चुका जपायच्या,
मालकाच्या पुसायच्या.
नवा गालिचा आला, तोच विणकरी फास, तोच काळा,
आणि मीच तो खाली दाबून बसवला,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सपाट.

जुलैत प्रदर्शन. परीक्षक गवतावर उताणा झोपला,
टॉर्चचा झोत बिजागरीखाली थांबला.
ओघळाला पूर्ण गुण.
एकाहत्तरपाशी तर तो चक्क हसला. पूर्ण गुण.
गालिच्यावरून झोत घसरत गेला,
त्याला अडायला तिथे काही नव्हतंच.

संध्याकाळी लिलाववाल्यांचा ट्रक आला.
व्हर्नाबाईंनी चपला काढल्या, आत बसल्या.
मीटरवर सात हजार दोनशे एकोणीस,
एक मैल माझा, चाचणीचा.
शेजारची सीट त्यांनी हातानं झटकली.
मग उजवं पाऊल पुढे गेलं,
आणि टाच त्या नव्या, निर्दोष गालिच्यावर
थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे,
पुन्हा थोडी मागे.

ट्रकवाला खिडकीशी वाकून म्हणाला,
"ब्रेक सोडा, बाई."